सायकलचा पट्टा नको, साइडपट्टी भरा

आमच्या सिंधुदुर्गात सध्या सायकल ट्रॅकची टूम निघाली आहे. किनाऱ्याच्या रस्त्याला हिरवा पट्टा मारायचा, चार बोर्ड लावायचे, उद्घाटनाला रॅली काढायची. मी रोज सायकल चालवणारा माणूस, खरं तर मी खूश व्हायला हवं होतं.

पण तारकर्लीहून देवबागला कधी गेला असाल तर आठवा. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदी, मधल्या चिंचोळ्या पट्टीत माड, घरं, होमस्टे आणि त्यातूनच रस्ता. सायकल ट्रॅकला निकषाप्रमाणे किमान 2 मीटर रुंदी लागते. असे गावाकडचे रस्ते बरे असले तर 5.5 मीटरचे. दोन काढले की उरतात साडेतीन, त्यात एसटी आणि समोरून येणारी इनोव्हा बसवा बघू. रुंदीकरण म्हणाल तर कुणाचा तरी गडगा, म्हणजे दगडी कुंपण, मागे सरकणार. त्या जमिनीच्या सातबारावर बावीस नावं, त्यातली सतरा मुंबईत, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. करा भूसंपादन!

म्हणजे शेवटी नुसता रंगच मारणार. आमच्या शेजारच्या काकींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बरा झाला, गाडये लावूक जागा झाली." नाताळात नेमकं तेच होणार. 1997 साली आपला जिल्हा पर्यटन जिल्हा जाहीर झाला, गाड्या आल्या, त्या लावायच्या कुठे हे मात्र आपण अजून ठरवतोय. कडेला एक गाडी उभी राहिली की रस्ता अर्धा होतो. कोंडी तिथून सुरू होते, आणि खापर फुटतं स्कूटरवर नाहीतर सायकलवर.

आता सायकल चालवतं कोण ते बघा. सकाळी पों-पों करत येणारा पाववाला. शाळेत जाणाऱ्या मुली. बांधकामावरचे कामगार. हेल्मेट-चष्मा लावून किनाऱ्याने गोव्याकडे जाणारे हौशी थंडीत दिसतात, त्यांचं स्वागतच आहे, पण ते चार दिवसांत निघून जातात.

या सगळ्यांना पाडते ती डांबराची कड. दर वेळी जुन्या डांबरावर नवा थर चढतो, रस्ता वर येतो, साइडपट्टी तिथेच राहते. पावसात तिची मातीही वाहून जाते. मागून टेम्पोने हॉर्न दिला की सायकलवाला डावीकडे सरकतो, पुढचं चाक वीतभर खाली जातं, आणि माणूस एक तर गटारात नाहीतर टेम्पोखाली. मागच्या जुलैत मी गटारात गेलो. नशीब म्हणायचं. मनगट अजून पाऊस आला की ठणकतं.

तेव्हा पैसे असतीलच तर आधी मुरूम टाकून, रोलर फिरवून साइडपट्ट्या डांबराच्या पातळीला आणा. कडेला पांढरी रेघ मारा. गाड्यांसाठी गावाबाहेर पार्किंग करा आणि तिथून रिक्षावाल्यांना धंदा मिळू दे. शाळेपाशी, बाजारात वेग 30 वर आणा. 50 ने येणाऱ्या गाडीचा तडाखा 30 च्या जवळजवळ पावणेतीन पट असतो, हे नववीच्या पुस्तकातलं गणित आहे.

यात उद्घाटनाला कापायला फीत नाही, हे मला कळतं. आणि हे मेच्या आत व्हायला हवं, जूनमध्ये टाकलेला मुरूम पहिल्याच सरीत शेजारच्या परसात जातो.