निशिकांत कामतांचं नाव तरी सोडा

रविवारी फोंड्याला आतेकडे गेले होते. पानं मांडायच्या आधीच तिने मोबाईल माझ्या हातात दिला. "वाच गं हे. आपल्या बाबूला घेतील ना?"

'दृश्यम ३'बद्दलचा लांबलचक मेसेज होता. तोच मला आधी दोन ग्रुपांवरही आला होता, तेव्हा न वाचताच पुढे गेले होते. त्यात म्हटलंय की तिसऱ्या भागाचं दिग्दर्शन पुन्हा निशिकांत कामत करणार, चित्रपट २ ऑक्टोबरला येणार, कारण त्याच तारखेला गोव्यात चित्रपटातला तो खून खरोखर झाला होता आणि पोलिसांनी फाईल दाबली. मल्याळम लोकांनी आपल्या गोव्याची गोष्ट चोरली, हेही त्यातच. आणि शेवटी, स्थानिक चेहरे हवेत, नोंदणीसाठी ५०० रुपये भरा.

मेसेजवर कामतांचा हसरा फोटो, त्याखाली 'दमदार पुनरागमन' आणि फटाक्यांची चित्रं. ते बघून माझं डोकंच फिरलं. निशिकांत कामत १७ ऑगस्ट २०२० रोजी हैदराबादमध्ये वारले. यकृताच्या आजाराने, अवघ्या पन्नासाव्या वर्षी. त्या दिवशी सगळ्या मराठी वाहिन्यांवर ती बातमी होती. ३१ जुलै २०१५ला आलेला पहिला हिंदी 'दृश्यम' त्यांचा, म्हणून तिसराही त्यांचाच, एवढ्यावर कुणीतरी हे लिहून टाकलं. दुसरा भाग १८ नोव्हेंबर २०२२ला आला तो अभिषेक पाठक यांनी केलेला, आणि तिसऱ्याचे दिग्दर्शकही तेच आहेत. मेसेज लिहिणाऱ्याने दुसऱ्या भागाची श्रेयनामावली जरी पाहिली असती तरी पुरे होतं.

मला याचा एवढा राग येतो, कारण हा माणूस आपल्यासाठी कुणीतरी होता. त्यांच्या 'डोंबिवली फास्ट'मधला बँकेत नोकरी करणारा माधव आपटे एक दिवस हातात बॅट घेतो, तेव्हा थिएटरात माझ्या शेजारी बसलेले बाबा खुर्चीत पुढे सरकले होते. ते अजून डोळ्यांपुढे आहे. २००५चा तो चित्रपट, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अशा माणसाच्या फोटोखाली फटाके लावताना तो हयात आहे की नाही एवढंही बघावंसं वाटू नये? त्यांच्या घरच्या कुणाच्या मोबाईलवर हा मेसेज पोचला असेल तर काय वाटलं असेल?

आता खऱ्या घटनेचं. मूळ 'दृश्यम' मल्याळम. तो १९ डिसेंबर २०१३ला आला, लेखन-दिग्दर्शन जीतू जोसेफ यांचं. त्यात मोहनलालचा जॉर्जकुट्टी राहतो केरळात, इडुक्की जिल्ह्यातल्या राजाक्काडला. त्याचं कुटुंब ध्यानशिबिराला गेल्याचं सांगतं ते त्रिशूरला, आणि तारीख २ ऑगस्ट. हिंदीत गोष्ट गोव्यात आणली तेव्हा जॉर्जकुट्टीचा विजय साळगावकर झाला, त्रिशूरच्या जागी पणजी आली, ध्यानशिबिराच्या जागी सत्संग आला आणि २ ऑगस्टचा २ ऑक्टोबर झाला. खून इथे झाला असता तर तो जीतू जोसेफना केरळात आणि दोन महिने आधीच्या तारखेला कसा सापडला? चोरीच्या आरोपाचंही उत्तर यातच आलं. हिंदीच्या आधी ही गोष्ट कन्नड, तेलुगू आणि तमिळमध्येही होऊन गेली होती.

तारखेचं मात्र मान्य करावं लागेल. निर्मात्यांनी डिसेंबर २०२५मध्ये हिंदी तिसऱ्या भागासाठी २ ऑक्टोबर २०२६ हीच तारीख जाहीर केली. पण ती निवडली चित्रपटातल्या त्या संवादांमुळे. '२ ऑक्टोबरला आम्ही पणजीला होतो' हे आता शाळेतली पोरंही म्हणतात. आधीच्या भागांचं शूटिंग गोव्यात झालं हेही खरं. या दोन खऱ्या गोष्टींच्या जोरावरच बाकीचं सगळं खपतंय.

आणि त्या पाचशे रुपयांचं. बाबू गावच्या जत्रेत दरवर्षी नाटकात काम करतो, आणि चांगलं करतो. त्याने नवा शर्ट घालून पासपोर्ट फोटो काढून आणले होते. आतेला फोनवरून पैसे पाठवता येत नाहीत, म्हणून ती संध्याकाळी शेजारच्या मुलाला बोलावणार होती. मी म्हटलं, "आते, थांब. चित्रपटात गर्दीत उभं राहणाऱ्यालाही त्या दिवसाचे पैसे मिळतात, त्याच्याकडून घेत नाहीत." गोव्यात शूटिंगची परवानगी गोवा मनोरंजन संस्था देते. ज्याला विचारायचं आहे त्याने तिथे, पणजीला जाऊन विचारावं. मेसेजमध्ये ना कंपनीचं नाव, ना पत्ता, ना ऑडिशनची जागा, फक्त पैसे पाठवायचा एक मोबाईल नंबर. तो लावला तर बंद.

बाबू काही बोलला नाही, फोटोंचं पाकीट उचलून आत गेला. आतेने मेसेज माझ्यासमोर पुसला आणि ज्या तिघींना पाठवला होता त्यांना एकेक करून फोन लावले. डिचोलीच्या तिच्या नणंदेने आदल्या दिवशीच पैसे भरले होते. तिला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार करायला सांगितलंय. तुमच्यापैकी कुणी भरले असतील तर आजच करा, जितका उशीर तितकी रक्कम परत मिळायची शक्यता कमी.