‘मेंढरांचा कळप’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

सोळाव्या-सतराव्या शतकातल्या दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियातल्या आल्टऑटिंगच्या मरियामातेच्या यात्रेवरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, ‘धर्मगुरूंनी हाकलेल्या मेंढरांच्या कळपात वैयक्तिक भक्ती कसली? लेखकाने वाचन वाढवावं.’ मतभेदाचं मला वावडं नाही. पण चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांना मेंढरं म्हणायची ही कुठली रीत?

राज्यकर्त्यांनी या यात्रेचा वापर करून घेतला, हे आपलं म्हणणं मान्य. बव्हेरियाच्या राजघराण्याची हृदयंसुद्धा मृत्यूनंतर चांदीच्या पात्रांत तिथे ठेवली जात.

आता कळपाबद्दल. नवस बोलला जाई घरात. मूल पाण्यात पडलं, बाळंतीण अडली, की बाई तिथल्या तिथे मरियामातेला साकडं घालायची. फेडायला मात्र ती गावच्या क्रुसामागून, निशाणामागून, सगळ्यांबरोबर जपमाळ म्हणत निघायची. तिथे तिचं नाव, गाव, संकट लिहून घेत आणि अशा नोंदींची पुस्तकं छापत. तिथल्या चॅपेलच्या, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिराच्या, बाहेरच्या भिंतींवर नवसाच्या रंगवलेल्या फळ्या आजही दाटीवाटीने टांगलेल्या आहेत. वर ढगांत बाळाला घेतलेली मरियामाता, खाली पलंगावर आजारी माणूस, बाजूला गुडघे टेकलेलं कुटुंब, कडेला साल. प्रत्येकाचं दुखणं वेगळं, आणि ते टांगलंय सगळ्यांच्या देखत. एकट्याने बोललेला नवस गावाच्या साक्षीने फिटायचा, एवढंच मी लेखात म्हटलं होतं.

फ्रेंच लेखक माँतेन घ्या. जन्मभर शंका घेणारा माणूस. १५८१ मध्ये इटलीत लोरेतो या मरियामातेच्या तीर्थस्थानी गेला आणि तिथे चांदीच्या आकृत्या वाहिल्या: मरियामाता, आणि तिच्यापुढे तो स्वतः, बायको, मुलगी. त्याला कुणी हाकललं होतं?

आणि वाचनाचं म्हणाल, तर मी वसईच्या ख्रिस्ती घरात वाढलोय. सप्टेंबरात वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला आमची आजी गल्लीतल्या बायकांबरोबर जायची, गुडघ्यासाठी मेणाचा पाय वाहायची. त्या रेटारेटीत ती डोळे मिटून काय बोलायची ते तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. तिच्या तोंडावर आपण ‘मेंढरू’ म्हटलं असतंत का?

ट्रेंटच्या धर्मपरिषदेविषयीचे (सोळाव्या शतकातली कॅथलिक चर्चची सभा) आपले बाकीचे मुद्दे नेहमीचेच आहेत, त्यांत मी शिरत नाही. पुढची प्रतिक्रिया नीट भाषेत असेल तरच इथे ठेवीन.