चीझची साल आणि तुपाची बेरी

आमच्या घरच्या ग्रुपवर आठ दिवस एकच वाद चाललाय. आत्तेभावाने लिहिलं, "काटकसर ही आपली गरिबीची सवय. गोऱ्यांकडे कवडीचुंबकाला शब्द तरी आहे का?" त्यावर भराभर अंगठे आले. इंग्लंडात, लीड्समध्ये बावीस वर्षं काढलेल्या मला ते वाचून खरंच राग आला.

एक नाही, चांगले ढीगभर शब्द आहेत! स्किनफ्लिंट म्हणजे गारगोटीचंही कातडं सोलू पाहणारा. त्याहून बोलका शब्द चीझपेअरिंग. मुळात ही चीझची सोलून काढलेली साल. 1600 साली छापलेल्या शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री', भाग दुसरा, या नाटकात फॉलस्टाफ हे पात्र आपल्या जुन्या ओळखीच्या शॅलोच्या तरुणपणाबद्दल सांगतं, की जेवणानंतर चीझच्या सालीचा माणूस करावा तसा तो दिसायचा. तिथे रोख किडकिडीतपणावर आहे, पैशावर नाही. ती सालही ज्याला टाकवत नाही तो चिक्कू, हा अर्थ पुढे रुळला.

आणि 1879 मध्ये एडिंबरोला ब्रिटनचा माजी पंतप्रधान ग्लॅडस्टनने भर सभेत हीच शिवी अंगावर घेतली. देशासाठी मेणबत्तीची थोटकं आणि चीझच्या साली वाचवायची तयारी नसेल, तर तो अर्थमंत्री कुचकामाचा, असं तो म्हणाला. तेव्हा यांचं राज्य आपल्या डोक्यावर होतं. ही गरिबीची सवय? आमच्या शेजारची वकीलबाई पिवळ्या स्टिकरचा, म्हणजे मुदत संपत आल्याने स्वस्त केलेला ब्रेड घेते, कुणी वळूनही बघत नाही. आणि सांगलीत गेल्या लग्नात जिलेबीने भरलेली ताटं तशीच उचलली गेली.

आई तूप कढवलं की पातेल्याची बेरी उलथन्याने खरवडून साखर घालून द्यायची, मग त्याच ओशट पातेल्यात कणीक मळायची. कॉलेजातल्या मैत्रिणी घरी आलेल्या असताना मी तिला म्हटलं, "आई, किती तो चिकटपणा!" ती काही बोलली नाही. मळत राहिली.

आज माझ्या फ्रीजरमध्ये सूपसाठी पार्मेझान चीझच्या साली साठवलेल्या असतात आणि पाहुणे कौतुक करतात. तूप मात्र डब्यातलं आणते.

ग्रुपवर मी ग्लॅडस्टन टाकला. बेरीचं दोनदा लिहून पुसलं. आई त्याच ग्रुपवर आहे, सगळं वाचते.