'तीन महिन्यांत समुपदेशक': त्या मेसेजबद्दल खुलासा

लातूर-नांदेडकडच्या ग्रुपांवर मेसेज फिरतोय: 'फक्त रविवारी, तीन महिने ऑनलाइन, सायकोडायनॅमिक समुपदेशक व्हा, नावापुढे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लावा.' कालपासून चौघांनी मलाच पाठवला, म्हणून लिहितोय.

सायकोडायनॅमिक समुपदेशन, म्हणजे मनात खोलवर दडलेल्या, नकळतच्या भावना बोलण्यातून समजून घेणं, अर्धवेळ शिकता येतं, हे खरं. मीही शाळा सांभाळूनच शिकतोय. पण त्याला वर्षं लागतात. शिकणाऱ्याला आधी स्वतः थेरपी घ्यावी लागते (घरी हे पटवणं अभ्यासापेक्षा अवघड!), आणि हाताखालची प्रत्येक केस सुपरव्हायझरपुढे, म्हणजे आपलं काम तपासणाऱ्या अनुभवी थेरपिस्टपुढे, मांडावी लागते. मध्यंतरी समोरचा गप्प बसला, तर मी घाईनं सल्ला देऊन मोकळा झालो. माझ्या सुपरव्हायझर मॅडमनी एवढंच विचारलं, "शांतता त्याला सहन होईना की तुम्हाला, सर?" अख्खा तास त्यावरच गेला. हे व्हिडिओ पाहून कसं जमणार?

राहिलं नावापुढचं बिरुद. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला १९९२ च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते; रविवारच्या सर्टिफिकेटवर ती मिळत नाही. गोळ्या लिहून देणं तर डॉक्टरांचंच काम.

फी भरण्याआधी त्या नंबरवर विचारा: सुपरव्हिजन कोण देणार, किती तास? मी विचारलं. मला ब्लॉक केलंय.