निगेटिव्ह रिपोर्ट आणि एमआरआयमधली गाठ: एक स्टारच्या रिव्ह्यूला लॅबचं उत्तर

नमस्कार सर, रिव्ह्यू वाचला. घरात अचानक कोणाला फिट आली की कोणाचंच डोकं ठिकाणावर राहत नाही, त्यामुळे रागाचं काही वाटलं नाही. पेशंटचं काहीही मी इथे उघड करणार नाही, तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो. तुमचं म्हणणं, आम्ही सिस्टिसर्कोसिसची (टेपवर्म या जंताच्या अळीने शरीरात, मेंदूतही, गाठी होतात तो आजार) रक्ताची टेस्ट निगेटिव्ह दिली, दोन दिवसांनी एमआरआयमध्ये मेंदूत गाठ निघाली, म्हणजे लॅब फालतू आणि पैसे पाण्यात.

रिपोर्ट चुकीचा नव्हता सर. ही टेस्ट टेपवर्मची अळी शोधतच नाही, अळीविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटीबॉडीज शोधते. मेंदूत दोन किंवा जास्त जिवंत गाठी असल्या की या अँटीबॉडीज बऱ्यापैकी बनतात. एकच गाठ असेल किंवा जुनी होऊन चुना धरलेली असेल तर कितीतरी वेळा रक्तात हाती लागण्याइतक्या नसतातच, आणि आपल्याकडे एकच गाठ असलेलेच पेशंट जास्त दिसतात. १९८९ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने जी ब्लॉट नावाची अँटीबॉडीचीच टेस्ट काढली ती दोन किंवा जास्त गाठी असल्या तर ९८ टक्के पेशंट पकडते असं निघालं होतं, पण एका गाठीला तीही बऱ्याचदा हुकते. आपली झाली ती एलायझा, अँटीबॉडी शोधायचीच दुसरी पद्धत, ती त्याहून कच्ची, हायडॅटिडसारख्या दुसऱ्या अळीलाही कधीकधी पॉझिटिव्ह दाखवते. म्हणून डॉक्टर नुसत्या रक्तावर न थांबता स्कॅन करायला लावतात, तुमच्या डॉक्टरांनी केलं ते बरोबरच केलं.

आता आमची चूक. हे सगळं रिपोर्टवर खाली बारीक इंग्रजीत एका ओळीत होतं, ‘क्लिनिकली कोरिलेट करा’ (म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघा) टाइप, जे आजवर कुठल्या नातेवाईकाने वाचल्याचं मी पाहिलेलं नाही. ती ओळ आता मोठ्या अक्षरात मराठीत टाकतोय. सॅम्पल मुंबईला जातं म्हणून एक दिवस उशीर होतो, तेही आधी सांगायला हवं होतं, सॉरी.

आणि काउंटरवर सगळ्यांसमोर ‘पोर्क खाता का’ विचारलं, त्याची मनापासून माफी. विचारायची पद्धत चुकलीच, पण खरं सांगू, प्रश्नच अर्धवट होता. कच्चं राहिलेलं पोर्क खाल्लं तर टेपवर्म आतड्यात वाढतो. मेंदूतली गाठ होते त्याच्या अंड्यांमुळे, आणि ती येतात ज्याच्या पोटात टेपवर्म आहे अशा माणसाच्या शौचातून, मग न धुतलेले हात, कोथिंबीर, कोबी, पाणी, कुठूनही. न्यूयॉर्कमधल्या कट्टर ज्यू लोकांना, ज्यांच्या घरात डुकराचं मांस येतच नाही, त्यांना हा आजार झाल्याचं १९९२ मध्ये छापून आलंय. त्यामुळे ‘आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हाला कसं होईल’ याचं उत्तर दुर्दैवाने ‘होऊ शकतं’ असंच आहे. फॉर्ममधून तो प्रश्न काढलाय.

टेस्टचे पैसे परत देणार नाही, टेस्ट नीट झालीय, उगाच गोड बोलत नाही. पण घरातल्या सगळ्यांची, खास करून जे स्वयंपाक करतात त्यांची, स्टूल तपासणी करून घ्या, म्हणजे कोणाच्या पोटात टेपवर्म आहे का ते कळेल, ती आमच्याकडून फ्री. अंडी रोज पडत नाहीत म्हणून वेगवेगळ्या तीन दिवसांची सॅम्पल लागतील. डब्या काउंटरवर काढून ठेवायला सांगितलंय, कोणालाही पाठवा.