दोन लाख किलोमीटर झाले म्हणून इंजिन खोलू नका

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय. जुन्या डिझेल गाडीचे दोन लाख किलोमीटर झाले, ऑइल काळं पडतंय, सकाळी पांढरा धूर येतोय म्हणजे रिंगा (पिस्टनभोवतीची, गॅस आणि ऑइल अडवणारी कडी) गेल्या, नव्या रिंगा-बेअरिंग टाका, पहिले हजार किलोमीटर एकदम हळू चालवा, इंजिन नव्यासारखं. हे वाचून लोक धडधाकट इंजिनं खोलायला लागलेत, म्हणून लिहितोय.

काळं ऑइल. अहो डिझेल जळताना काजळी होतेच आणि ती धरून ठेवणं हेच ऑइलचं काम आहे. नव्या इंजिनातही ते थोड्या दिवसात काळं होतं, नुसत्या काळ्या ऑइलवरून रिंगा गेल्या असं म्हणता येत नाही.

पांढरा धूर म्हणजे बहुतेक वेळा न जळलेलं डिझेल. थंड असताना येऊन गरम झाल्यावर जात असेल तर आधी ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारा प्लग) बघा, मग डिझेल फवारणारं नोझल, डिझेल पंपाचं टायमिंग. रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड पॅकिंग, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) पडल्यावरही येतो, मान्य, पण ते तपासून ठरवा ना. ऑइल जळतंय तेव्हा धूर निळसर असतो, आणि तो सुद्धा व्हॉल्व्ह सील किंवा टर्बोमुळे येऊ शकतो.

किलोमीटरचं म्हणाल तर एअर फिल्टर आणि इंजिनाच्या मधला पाइप फाटून धूळ आत गेली तर इंजिन फार लवकर संपतं, आणि लांब पल्ल्याला गरम राहून चाललेलं इंजिन दोन लाखानंतरही मजबूत असतं. खरं कळतं लीक-डाऊन टेस्टमध्ये. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये हवा सोडायची आणि कान लावायचा: ऑइल फिलरमधून फुसफुस आली तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग. यातल्या निम्म्या गोष्टींना रिंगा बदलून काडीचा फरक पडत नाही.

आता सगळ्यात वाईट सल्ला, नुसत्या रिंगा टाका. बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही, वरची रिंग जिथून परत फिरते तिथे जास्त झिजतो आणि त्याच्या वर न झिजलेली कड राहते. हेड काढल्यावर बोअरमध्ये नख फिरवून बघा, अडकतं. नवी रिंग त्या कडेवर आपटली तर रिंग तरी तुटते नाहीतर पिस्टनचा खाचा. म्हणून बोअर गेजने वर-मध्ये-खाली, दोन्ही दिशांनी मापं घ्यायची, प्रत्येक सिलिंडरचे सहा आकडे. लंबगोल झाला असेल तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन, नाहीतर नवीन लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी. माप ठीक असलं तरी होनिंग, म्हणजे दगडाने घासून बोअरवर तिरक्या रेघा पाडणं, पाहिजेच, त्या रेघांमध्ये ऑइल धरतं आणि रिंग घासून नीट बसते. माझ्या गाडीत होनिंग न करता रिंगा टाकल्या होत्या, ऑइल पिणं अजिबात थांबलं नाही, परत खोललं तर बोअर आरशासारखा चकाकत होता. पहिल्या कामाचे सगळे पैसे पाण्यात.

अजून एक गोष्ट कोणी बोलत नाही. बऱ्याच डिझेल इंजिनांत पॅकिंग वेगवेगळ्या जाडीची येतात, पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते डायल गेजने मोजून निवडायची असतात, जाडी ओळखायला कडेला भोकं किंवा खाचे असतात. काम करणाऱ्याला विचारा कितीचं टाकलं आणि का. सांगता आलं नाही तर मोजलेलंच नाही.

आणि हळू चालवणं? रिंगेला बोअरवर दाबतो तो जळणाऱ्या गॅसचा दाब, आणि तो लोडवरच, म्हणजे इंजिनाला जोर लावावा लागतो तेव्हाच, पुरेसा तयार होतो. नुसतं आयडलवर घुरघुरत ठेवलं तर रिंगा बसायच्या आधीच बोअर गुळगुळीत होतो. गाडी गरम करा, मध्यम लोड द्या, चढ घ्या, वेग बदलत रहा, फक्त टॉप गिअरमध्ये कमी आरपीएमला रेटू नका आणि पूर्ण दाबून धरू नका. पहिलं ऑइल आणि फिल्टर लवकर बदला, रिंगा बसताना निघालेला धातूचा कीस त्यात असतो.