यंदा माझ्या लेकीचं दृढीकरण होणार नाही

सर्वांना सलाम. तीन-चार जणांनी फोन करून विचारलं, म्हणून इथंच एकदा लिहितो. दृढीकरण म्हणजे बाप्तिस्म्याला लेकराच्या वतीनं आईबापांनी दिलेलं वचन लेकरानं मोठं झाल्यावर स्वतः म्हणायचं, आणि बिशपांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचा. बिशपसाहेब पुढच्या महिन्यात येतायत, पण दृढीकरणाच्या यादीत आमच्या लेकीचं नाव नाही. ते मीच काढायला सांगितलं. तिनं काही केलेलं नाही, आणि आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांशी माझं भांडणही नाही.

आपल्याकडं काय होतं? बिशपांची तारीख ठरली की बारा-तेरा वर्षांच्या सगळ्या लेकरांची नावं घेतात. मग चार शनिवार वर्ग. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, मतांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारा, उपासनेत म्हणायचा मजकूर) पाठ. 'आता राहिलं तर पुन्हा बिशप कधी येतील कुणास ठाऊक,' ही भीती वर. पोरीला पांढरा फ्रॉक, पोराला पांढरा शर्ट, दुपारी बिर्याणी. आता तर चौकात फ्लेक्सही लागायला लागलेत. गेल्या वेळी एका फ्लेक्सवर लेकराच्या फोटोपेक्षा काकाचा फोटो मोठा होता!

माझी लेक तेरा वर्षांची, इंग्रजी शाळेतली. तिच्या वहीत मतांगीकार रोमन अक्षरांत लिहिलेला सापडला. म्हण म्हटलं, तर सतराचा पाढा म्हणावा तसा एका दमात म्हणून मोकळी. 'पंतय पिलाताच्या वेळेस दुःख भोगले' यावर मी थांबवलं. हा पंतय पिलात कोण? म्हणाली, "शिष्य असेल एखादा."

हसू आलं, मग लाज वाटली. मीही चाळीस वर्षं तेच बडबडत आलोय.

पिलात म्हणजे येशूला क्रुसावर द्यायचा हुकूम देणारा रोमी सुभेदार, हे तिला सांगितलं. मग ती म्हणाली, "पण पप्पा, येशूला मारायला दिलं त्याचं नाव आपण दर रविवारी काहून घ्यायचं?" मला उत्तर सुचेना. आई बाजूला मेथी निवडत होती. ती म्हणाली, "अगं, तुझ्या पप्पाचा मोठा भाऊ कधी झाला विचारलं तर मी काय सांगते? बहात्तरच्या दुष्काळात. माझी आजी सांगायची, घर जळालं रझाकाराच्या वेळेस. तसंच आहे ते." म्हणजे ही गोष्ट अमक्या सुभेदाराच्या अमदानीत, खरोखर घडली. पोरीनं त्या ओळीखाली पेनानं रेघ मारली. चार शनिवारांत जे झालं नाही ते मेथीच्या जुडीपाशी झालं.

आई मूळची जालन्याकडची, स्कॉटिश मिशनच्या वळणातली. जालन्याजवळ ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं, त्या बाजूची. तिच्या माहेरी बिशप नव्हतेच. मंडळीतले, म्हणजे चर्चचे, वडीलजन समोर बसवून प्रश्न विचारायचे, आणि उत्तरं पटली की प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीला) बसायची परवानगी. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यात इंग्लंडच्या चर्चच्या वळणातले अँग्लिकन आले, आईच्या स्कॉटिश मिशनसारखे प्रेस्बिटेरियन परंपरेतलेही आले. बिशपांनी डोक्यावर हात ठेवायची रीत अँग्लिकनांकडची. रीत चांगलीच आहे. बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात पेत्र आणि योहान शोमरोनात जाऊन विश्वासणाऱ्यांवर हात ठेवतात, तिथपर्यंत तिचं मूळ सांगतात. पण आपण हात ठेवणं तेवढं घेतलं आणि ते प्रश्न विचारणं सोडून दिलं, असं मला वाटतं.

आणि प्रश्न लेकरानंही आपल्याला विचारले पाहिजेत. तिनं विचारलं, "माझ्या बाप्तिस्म्याला तुम्ही माझ्या वतीनं काय कबूल केलं होतं?" मला आठवेना. त्या दिवशीचं मटण आठवत होतं, केटररचे किती बाकी राहिले तेही आठवत होतं. बायको म्हणाली, "अहो, तेच तर वचन आता तिनं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं असतं." बरोबर. पण जे आम्हालाच आठवत नाही, ते तिनं कशाच्या जोरावर स्वतःचं म्हणायचं?

मग तिलाच विचारलं. म्हणाली, "मला आत्ता नको. सगळ्या मैत्रिणी घेतायत म्हणून हो म्हटलं होतं." पाळकसाहेबांना सांगितलं, तर ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "वर्गाला मात्र येऊ द्या." येतेय.

नातेवाईक म्हणतात, लोक काय म्हणतील. म्हणू देत. प्रभुभोजनाला आम्ही पुढं जातो तेव्हा, दृढीकरण झालेलं नाही म्हणून, ती बाकावर गुडघे बाजूला करून वाट देते आणि एकटी बसून राहते. ते बघताना मला जड जातं, खोटं कशाला सांगू. तिला जात असेल की नाही ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

काल फक्त एवढं म्हणाली, "माझं होईल तेव्हा फ्लेक्स लावायचा नाही. बिर्याणी मात्र पाहिजे."